पट 17 वर आला, आता शाळेचं काय?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून प्रश्न आलाय. विचारणाऱ्या ताई तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत. पहिली ते पाचवीची शाळा, दहा वर्षांपूर्वी पट 41, यंदा 17. दोन गुरुजी, त्यातल्या एकांचा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज गेलेला. शाळा बंद होणार अशी गावात बोलवा आहे. पट कशाने घटला, शाळेचं पुढे काय हे ठरवतं कोण, आणि समितीच्या हातात काय आहे, असं त्या विचारतात.

ताई, मी याच जिल्ह्यात 34 वर्षं नोकरी केली. आधी द्विशिक्षकी शाळेवर शिक्षक, मग केंद्रप्रमुख, शेवटी विस्तार अधिकारी. दोन शाळांच्या समायोजनाचे, म्हणजे शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत पाठवायचे, कागद माझ्या सहीने पुढे गेलेले आहेत, आणि त्यातल्या एकाचं मला आजही वाईट वाटतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिली विनंती ही की पट घटला म्हणून लगेच गुरुजींकडे बोट दाखवू नका. गुरुजी कामचुकार असल्याने पट घटलेल्या शाळाही मी पाहिल्यात, नाही म्हणत नाही. पण आपल्या जिल्ह्यात ते कारण बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या नंबरावर असतं. पहिल्या नंबरावर काय आहे ते ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दिसेल. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये 16,15,069. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. सिंधुदुर्गातही तेच घडलं. चाकरमानी पूर्वी एकटा मुंबईला जायचा, बायकापोरं गावी असायची, म्हणून शाळा भरलेल्या असायच्या. आता लग्न झालं की जोडपं विरारला, नालासोपाऱ्याला, दिव्याला बिऱ्हाड करतं. मूल जन्मतं तिथे आणि शाळेतही तिथेच जातं. त्यात घरटी मुलंही कमी झाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं, 1.7 निघाला. लोकसंख्या आहे तितकी राहायला तो 2.1 च्या आसपास लागतो. म्हणजे गावातून एकही माणूस मुंबईला गेला नसता, तरी पट थोडा उतरलाच असता.

आता एका वाडीचं गणित सांगतो. केंद्रप्रमुख असताना माझ्या केंद्रातल्या एका शाळेचा पट काही वर्षांत 31 वरून 14 वर आला. वरून खुलासा मागितला गेला. मी आणि तिथले गुरुजी दोन दिवस घरोघर हिंडलो आणि कमी झालेल्या 17 मुलांचा हिशोब मांडला. 9 मुलं गावात नव्हतीच, आईबापांबरोबर मुंबईकडे. 5 जण सकाळी सव्वासातला येणाऱ्या इको गाडीतून बाजारपेठेच्या इंग्रजी शाळेत जायची. 2 मामाच्या गावी. आणि एक नाव असं होतं की मूल दुसऱ्या शाळेत बसायचं, पण दाखला न नेल्यामुळे आधी आमच्या पटावरही होतं, ते नाव मागाहून कमी झालं. शिकवणं वाईट आहे म्हणून गेलेलं त्यात एकही निघालं नाही. तुमच्या वाडीचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब असाच मांडा. त्याशिवाय कोणाशीही बोलायला जाऊ नका.

त्या 5 मुलांपाशी मी जरा थांबतो, कारण पटाच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे असं माझं ठाम मत आहे. ती 5 मुलं पहिलीत असताना इंग्रजी शाळेत गेली नव्हती. ती गेली नर्सरीत, तिसऱ्या वर्षी. आपण पहिलीची दाखलपात्र यादी करतो तेव्हा 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होणारी मुलं शोधतो. "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणत वाजतगाजत प्रभातफेरी काढतो, घरोघरी जातो. तोवर त्या मुलाच्या अंगावर तीन वर्षं दुसऱ्या शाळेचा गणवेश चढलेला असतो. त्याचे मित्र तिथे, गाडी दारात येते, आईच्या ओळखी तिथल्या आयांशी. सहाव्या वर्षी त्याला परत आणायचं म्हणजे चालत्या गाडीतून उतरवायचं. क्वचितच कोणी उतरतं.

मग तीन वर्षांच्या मुलाची जबाबदारी कोणाची? अंगणवाडीची. अंगणवाडी येते एकात्मिक बालविकास सेवा योजनेत. तिच्या वर पर्यवेक्षिका, त्यांच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी, आणि जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण विभाग. तुमची शाळा येते शिक्षण विभागात. दोन्ही विभाग एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली, पण अंगणवाडीतली मुलं पहिलीत कुठे गेली हे सेविकेला कोणी विचारत नाही, आणि वाडीत तीन वर्षांची मुलं किती हे मुख्याध्यापकांना कोणी विचारत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. कागदावर हे जोडलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. तुमच्या वाडीत ते जुळलंय का, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागेल.

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. दहा वर्षांपूर्वीचा 41 हा पट खरा होता का, हेही बघा. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली, म्हणजे एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये. लाखो नावं पटावर होती आणि वर्गात नव्हती. त्यानंतर सरल ही राज्याची विद्यार्थी नोंदीची ऑनलाइन प्रणाली आली, यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या माहिती प्रणालीत प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आली, आधार जोडलं गेलं. त्यामुळे गेल्या काही वर्षांतली देशभरातली घट काही अंशी मुलं कमी झाल्याची आहे आणि काही अंशी मोजणी स्वच्छ झाल्याची. यू-डायसमध्ये 2022-23 ला देशाची पटसंख्या 25 कोटींच्या थोडी वर होती, 2023-24 ला 24.8 कोटी. हे आकडे आधीच्या वर्षांशी सरळ ताडून बघता येत नाहीत, कारण मोजायची रीतच बदलली. असर या प्रथम संस्थेच्या देशभरातल्या ग्रामीण पाहणीत 6 ते 14 वयाची सरकारी शाळांतली मुलं 2018 ला 65.6 टक्के होती, कोरोनानंतर 2022 ला 72.9 टक्क्यांवर गेली आणि 2024 ला 66.8 वर आली. म्हणजे टाळेबंदीत हाताशी पैसा नव्हता तेव्हा लोक जिल्हा परिषद शाळेकडे वळले आणि घडी बसल्यावर पुन्हा निघून गेले. त्या दोन वर्षांत आलेली मुलं आपल्याला टिकवता आली नाहीत, ही खंत आमच्या पिढीच्या शिक्षकांना आहे.

आता शाळेचं ठरवतं कोण. जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला आल्या. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड होते आणि 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालची शाळा मंडळं. तुमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरवर कदाचित बोर्डाचा शिक्का सापडेल. 1962 पासून खेड्यातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची. उतरंड अशी: शाळेत मुख्याध्यापक, दहा-पंधरा शाळांना मिळून केंद्रप्रमुख, काही केंद्रांच्या बीटाला विस्तार अधिकारी, तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी प्राथमिक. त्यांच्या वर एका बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे विभागीय उपसंचालक, पुण्याचे शिक्षण संचालक आणि आयुक्त. शिक्षणाधिकाऱ्यांना असे दोन धनी असतात. इमारत, वर्गखोली, शिक्षकाची नेमणूक, बदलीची अंमलबजावणी, ही कामं जिल्हा परिषदेची. किती पटाला किती शिक्षक, कुठली शाळा चालू ठेवायची याचं धोरण काय, हे मंत्रालयातून येतं. पगाराचा पैसाही राज्याचाच. तेव्हा गावात कोणी म्हणालं की केंद्रप्रमुखाने शाळा बंद केली, तर ते खरं मानू नका. केंद्रप्रमुख माहिती पाठवतो, अंतर मोजतो, अहवाल देतो. मात्र तो अहवाल कसा लिहिला जातो यावर पुष्कळ अवलंबून असतं.

मधे लोकप्रतिनिधींची एक पायरी असते, शिक्षण समिती आणि तिचे सभापती. ती फार उपयोगी. वाडीच्या माणसाला सभापतींच्या घरी जाऊन बोलता येतं. पण 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. नेमक्या त्याच काळात कमी पटाच्या शाळांचा विषय तापला, आणि गावाच्या बाजूने बोलणारी ती पायरी रिकामी होती.

हा विषय नवा नाही. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या 1,314 शाळांचं समायोजन करायचं जाहीर झालं. सप्टेंबर 2023 मध्ये आयुक्त कार्यालयातून समूह शाळांचं, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचं, पत्र निघालं. त्या वेळचे आकडे होते: 20 किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा, त्यात 1,85,467 मुलं आणि 29,707 शिक्षक. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली होती. माझं मत विचाराल तर सात-आठ मुलांच्या वर्गात मूल एकटं पडतं हे खरं आहे. चौथीत एकच मुलगी असेल तर ती कोणाशी खेळणार, कोणाशी चढाओढ करणार? मी अशा शाळेत शिकवलंय आणि ते एकटेपण पाहिलंय. पण मोठी शाळा चांगली म्हणून सरळ छोटी बंद करा, हेही मला पटत नाही. आपल्याकडे मधे डोंगर आहे, पऱ्ह्या म्हणजे ओहोळ आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे.

ती मघाची गोष्ट इथेच सांगतो. ज्या शाळेचं समायोजन मी पुढे पाठवलं, तिचा पट 6 होता. शेजारची शाळा कागदावर किलोमीटरच्या आत. मी अंतर मोजलं ते एप्रिलमध्ये, पायवाटेने, पऱ्ह्यात पाणी नसताना. जुलैमध्ये साकवाच्या, म्हणजे पऱ्ह्यावरच्या छोट्या पुलाच्या, फळ्या वाहून गेल्या आणि रस्त्याने फिरून जायचं तर अडीच किलोमीटर पडायला लागले. चार मुलं पालक गाडीवरून सोडायला लागले. दोन बहिणींच्या घरी गाडी नव्हती. त्या दोघी जवळजवळ दीड महिना शाळेत आल्या नाहीत. वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव गेला होता, पैसे आले ते वर्ष संपता संपता. धाकटी पुढे कायम मागे राहिली. अहवालात मी एक ओळ लिहिली असती की "पावसाळ्यात मार्ग बंद होतो", तर कदाचित वेगळं झालं असतं. शिक्षण हक्काच्या नियमात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर असं अंतर आहे. ते अंतर मुलाने चालायचं आहे, म्हणून ते पावसाळ्यातल्या वाटेनेच मोजलं पाहिजे. तुमच्याकडे कोणी मोजायला आलं तर समितीतल्या दोन आयांनी बरोबर चालत जावं आणि मोजलेली वाट कुठली ते पंचनाम्यात लिहून घ्यावं.

शिक्षकांचं म्हणाल, तर शब्द लक्षात ठेवा: संच मान्यता. 30 सप्टेंबरच्या पटावर पुढची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आहेत. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने राज्याचे निकष बदलले आणि वीसच्या आतल्या शाळांची नियमित पदं कमी करण्याकडे त्यांचा रोख आहे. म्हणून आपल्याकडे दोन पदं आहेतच असं गृहीत धरू नका. गटशिक्षण कार्यालयातून यंदाच्या संच मान्यतेची प्रत मागून घ्या, तो कागद गुप्त नाही. आणि मोजली जातात ती आधार वैध असलेली मुलं. 17 पैकी दोघांच्या आधारवर नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, जन्मतारीख वेगळी असेल, तर तुमचा पट कागदावर 15 होतो. ही चूक ऑगस्टमध्ये दुरुस्त करणं म्हणजे आधार केंद्रावर एक खेप. ऑक्टोबरमध्ये लक्षात आली तर वर्ष गेलं. मी तर म्हणेन समितीच्या जुलैच्या सभेत हा एकच विषय घ्या, मुलांची आधार कार्डं टेबलावर ठेवा आणि दाखल-खारीज रजिस्टरशी एकेक नाव ताडून बघा.

बदलीच्या गुरुजींबद्दल तुमच्या पत्रात थोडा राग दिसतो. समजतो. पण आपल्या जिल्ह्यात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले कितीतरी शिक्षक आहेत. घरी म्हातारे आईवडील, बायको दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. दहा-बारा वर्षं काढून ते परत जातात यात त्यांचा दोष नाही. दोष असा की ते गेल्यावर रिकामी झालेली जागा वेळेवर भरत नाही, आणि मग दुसरे गुरुजी एकटे पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती असं सगळं ओढतात. त्यातच त्यांना तात्पुरतं दुसरीकडे कामगिरीवर काढलं तर शाळेला कुलूप. असं झालं तर तोंडी तक्रार करत बसू नका. समितीचा ठराव करा, ठरावाला क्रमांक द्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का मारलेला कागद फायलीत राहतो, साहेब बदलले तरी.

पाचवीकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडची जुनी घडी पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल. शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकला जोडली, पण हायस्कूलचा पाचवीचा वर्गही बऱ्याच ठिकाणी चालू राहिला. हायस्कूलच्या शिक्षकांची पदंही पटावरच आहेत, त्यामुळे मे महिन्यात ते चौथीच्या पालकांकडे चकरा मारतात. त्यांनाही पोट आहे. तुमच्या चौथीच्या आयांशी मात्र एप्रिलमध्येच बोलून ठेवा. चौघं पाचवीला हायस्कूलला गेली तर 17 चे 13 होतात, आणि पट आधीच वीसच्या अलीकडे असताना एकेका मुलाला आज फार किंमत आहे.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, ही तुमची खरी ताकद. त्या जोरावर अंगणवाडी सेविकेला बरोबर घ्या आणि वाडीतल्या शून्य ते सहा वयाच्या प्रत्येक मुलाची यादी करा. कोण इथे राहतं, कोण मुंबईला आहे, कोण गाडीतून जातं. पुढच्या पाच वर्षांत पहिलीला किती येणार हे त्या यादीवरून आजच कळेल. दरवर्षी चार-पाच मुलं दिसत असतील तर ती यादी ग्रामसभेच्या ठरावासह शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, शाळेच्या बाजूने याहून भक्कम कागद नाही. अंगणवाडी शाळेच्याच आवारात एखादी खोली रिकामी असेल तर तिथे भरवता येईल का ते विचारा. तीन वर्षांचं मूल रोज त्याच फाटकातून आत आलं, मोठ्या मुलांबरोबर खिचडीला बसलं, तर पहिलीत ते दुसरीकडे जायचं कारण उरत नाही. माझ्या बीटात जिथे असं झालं तिथे पहिलीचा प्रवेश सहसा चुकला नाही.

आणि यादीत वर्षाला एखादंच मूल दिसलं, किंवा एकही नाही, तर मनाची तयारी ठेवा. मग शाळा वाचवण्यापेक्षा पुढे उरतील त्या सात-आठ मुलांची सोय लेखी पदरात पाडून घेणं महत्त्वाचं. गाडी कोणाची, किती वाजता, भत्ता कोणाच्या खात्यात, साकवाची दुरुस्ती पावसाआधी कोण करणार, हे ठरल्याशिवाय ग्रामसभेने संमती देऊ नये.

शाळेच्या जनरल रजिस्टरचं, म्हणजे आजवर दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीचं, मात्र दोन्ही बाबतींत बघा, शाळा राहो की जावो. माझ्याकडे एकदा विरारहून एक गृहस्थ आले. मुलीच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतली नोंद हवी होती. इतर मागास वर्गाला 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. शाळा समायोजनात गेलेली, रजिस्टर कुठे गेलं कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी केंद्रशाळेच्या कपाटाखाली, पोषण आहाराच्या रिकाम्या पोत्यांमध्ये सापडलं, कडेने वाळवीने खाल्लेलं. आजोबांचं नाव असलेलं पान वाचलं होतं, ते बघून गृहस्थ खुर्चीत बसूनच राहिले. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हाही अशाच रजिस्टरांसाठी गावोगाव धावपळ झाली. तुमच्या शाळेचं रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून ठेवा, एक संच ग्रामपंचायतीत ठेवा, आणि मूळ वही कधी दुसऱ्या शाळेत गेलीच तर कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेला, याची सहीशिक्क्याची पोच समितीच्या नावाने घ्या.